राईतून आलेली ओ

“…पण सही अडवून धरावी असं नियमात कुठं आहे, बाई?”

यशोधननं हे पुन्हा विचारलं. या खेपेला आवाज जरा चढलाच होता.

टेबलापलीकडे डॉ. शालन रेडकर त्याच्या प्रबंधाची जाडजूड प्रत हातात घेऊन बसल्या होत्या. वाचत नव्हत्या. बाजारात भोपळा जोखावा तसं नुसतं वजन बघत होत्या.

“नियमात नाही,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“मग काय… नियमात नाही.”

आता असल्या उत्तरावर माणसानं बोलावं तरी काय? यशोधन खुर्चीत मागं रेलला आणि छताकडे बघत बसला.

हा यशोधन मेहेंदळे मूळचा पुण्याचा. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकरच कळलं होतं, आणि सगळा घोळ तिथंच होता. पीएचडी करायला तो कोकणातल्या या आडबाजूच्या संशोधन केंद्रावर आला, आणि रेडकर बाईंनी त्याला विषय दिला तो टिणक्याचा.

टिणक्या म्हणजे सड्यावरचा बेडूक. एवढासा, नखाएवढा. आणि सडा म्हणजे केंद्रामागचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तिथं पाय ठेववत नाही. पावसात दगडातली डबकी भरली की तिन्हीसांजेला हा टिणक्या बोलायला लागतो. टिण, टिण, टिण. पितळेच्या वाटीवर नख मारल्यासारखा बारीक आवाज. हा सडा आणि त्याच्या कडेची राई सोडली तर तो कुणाला सापडलेला नाही.

त्याच्या आवाजावर यशोधननं प्रबंध लिहिला. मोठा देखणा प्रबंध. आता सगळं झालं होतं, अडलं होतं ते फक्त मार्गदर्शकाच्या सहीपाशी. जर्मनीतल्या एका संस्थेनं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंत प्रबंध विद्यापीठात दाखल झाला तरच. घरी आईनं दोन मोठ्या बॅगा आणून ठेवल्या होत्या. रोज फोनवर विचारायची, झाली का रे सही?

“कोर्सवर्क झालं,” यशोधन बोटांवर मोजत म्हणाला. “संशोधन पद्धती झाली. संख्याशास्त्र झालं. श्रेयांक लागतात त्याच्यापेक्षा जास्तच आहेत माझे. शोधनिबंध छापून आले. सगळ्या विभागासमोर सादरीकरण झालं. उचलेगिरीची तपासणीसुद्धा झाली. आणखी काय राहिलंय, सांगा ना.”

“ऐच्छिक विषय कुठला घेतला होतास?”

“ध्वनिविश्लेषण. पहिला आलो होतो त्यात.”

“आणि दुसरा कुठला होता, निवडायला?”

यशोधनला आठवायला जरा वेळ लागला. होता खरा एक. विषयांच्या यादीत अगदी तळाला. क्षेत्रश्रवण, दोन श्रेयांक, शिकवणार रेडकर. पुढं अभ्यासक्रम नाही, पुस्तकं नाहीत, परीक्षा कशी होणार तेही नाही. वरच्या वर्षातल्या पोरांनी तेव्हाच सांगितलं होतं, त्याच्या नादी लागू नकोस, बाई डबक्याकाठी नुसतं बसवून ठेवतात. मग त्यानं सगळे करतात तेच केलं, ध्वनिविश्लेषणावर खूण केली. बाईंच्या विषयाला कित्येक वर्षांत कुणी नाव घातलेलं नव्हतं.

“तो घे,” बाई म्हणाल्या.

“आता?”

“आज संध्याकाळी. यंत्र न घेता सड्यावर यायचं. माझ्याशेजारी बसायचं. ऐकायचं.”

“आणि मग?”

“मग तिथंच सही.”

यशोधनचा जीव भांड्यात पडला. एवढंच होय? बाई निवृत्तीला टेकलेल्या, हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी. म्हातारपणी माणसाला असल्या हौशी होतात. एका संध्याकाळचा तर प्रश्न, भागवून टाकू.

“येतो की,” तो म्हणाला.

बाईंनी हात पुढं केला. त्याला आधी कळेना. मग उमजलं. त्यानं पिशवीतून आपली काळी पेटी काढली आणि जरा नाखुशीनंच त्यांच्या हातात दिली. या पेटीवर त्याचा सगळा प्रबंध उभा होता म्हणा ना. एका अंगाला आवाज सोडणारा भोंगा, दुसऱ्या अंगाला आवाज टिपणारं यंत्र.

बाईंनी पेटी कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

संध्याकाळी सड्याच्या चढणीवर बाई पुढं, काठी टेकत. प्रबंध त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरला होता. यशोधन मागं.

भाद्रपद लागला होता. सोनकीनं सडा पिवळा झाला होता. डबक्यांच्या कडेनं सीतेची आसवं फुलली होती, निळी, बारीक. दरीतून धुकं वर सरकत होतं आणि वाटेवरची झाडं एकेक करून दिसेनाशी होत होती.

सडा संपतो तिथं राई लागते. देवाची राई. तिथलं झाड कुणी तोडत नाही, वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, त्यामुळे आत भर दुपारी काळोख असतो. राईच्या तोंडाशी एक बसका दगड आहे. याच दगडावर यशोधन आपली पेटी ठेवायचा.

त्याची रीत अशी. दुपारी यायचं, पेटी दगडावर ठेवायची, वेळ लावायची आणि केंद्रावर परत जाऊन चहा घ्यायचा. तिन्हीसांज झाली की पेटी आपली आपण टिणक्याचा आवाज काढायची, राईच्या दिशेनं. टिणक्याचा नर कसा, दुसऱ्या नराचा आवाज कानावर पडला की त्याला गप्प राहवत नाही. मी इथं आहे, असं सांगतोच. त्यानं दिलेलं उत्तर पेटी टिपून घ्यायची. सकाळी यशोधन पेटी घेऊन जायचा आणि संगणकावर उत्तरं मोजायचा. भरपूर यायची. दर पावसाळ्यात वाढतच गेली होती.

यात चूक काही नाही. जगभर असंच करतात. अंगावर जळवा घेत चिखलात बसायचं कशाला, पेटी असताना?

“बस,” बाई म्हणाल्या.

तो बसला. दगड गार होता, ओला होता. बाई शेजारी टेकल्या.

धुकं राईत शिरलं.

“इथली माणसं तिन्हीसांजेला इथं कुणाला हाक मारत नाहीत,” बाई म्हणाल्या. “ठाऊक आहे तुला?”

“ऐकलंय काहीतरी.”

“गुरं शोधायला आलेला माणूस आपल्या सोबत्याला नावानं बोलावत नाही. दगडावर काठी आपटतो. का, सांग.”

“का?”

“राई ओ देते म्हणतात. तुम्ही ज्याला हाक मारली तो इथं नसला तरी त्याच्या आवाजात राई ओ देते. आणि ओ ऐकू आली की माणूस शोधायचं थांबवतो. आहे म्हणतो, इथंच आहे कुठंतरी…”

यशोधन हसला. हसू त्याला वाटलं होतं तितकं मोकळं निघालं नाही.

“तुमचा विश्वास आहे यावर?”

“मी शास्त्राची बाई. मी कशाला विश्वास ठेवू?”

जरा वेळानं त्या म्हणाल्या, “पण मीही इथं कधी कुणा माणसाला हाक मारली नाही.”

राईत कुठंतरी पानावरचं पाणी पानावर पडलं. तेवढ्यानंही यशोधन दचकला आणि स्वतःवरच चिडला. काय हे, शेंबड्या पोरासारखं.

“यशोधन, तुला हा विषय मी का दिला?”

“जात दुर्मिळ आहे म्हणून.”

“तेही आहेच.”

बाईंनी कानामागचं यंत्र काढलं, पदरानं पुसलं आणि परत बसवलं.

“तू यायच्या आधीच्या पावसात मी इथं येऊन बसले आणि टिणक्या मला ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी येईना. पाऊस संपत आला तरी येईना. शेवटी डॉक्टर गाठला. तो म्हणाला, वय झालं, बारीक आवाज आधी जातात. हे दिलं. यानं माणसं ऐकू येतात… टिणक्या नाही.”

यशोधनला बाईंना कमी ऐकू येतं एवढं ठाऊक होतं. बाकीचं नव्हतं.

“म्हणून मला चांगल्या कानांचा पोरगा हवा होता. तू आलास. रोज सकाळी मी तुला विचारायची…”

“बोलले का रे,” यशोधन म्हणाला.

“आणि तू म्हणायचास, बोलले बाई, भरपूर बोलले. तेवढं कळलं की माझा दिवस बरा जायचा.”

यशोधनला एकदम वाईट वाटलं. त्याला आपलं वाटायचं, बाई काम झालं का ते तपासताहेत. चहाचा कप हातात धरून, संगणकावरची नजर न काढता तो ते उत्तर देऊन टाकायचा.

“आज इथं बसून ऐक आणि मला सांग,” बाई म्हणाल्या. “एवढाच माझा कोर्स.”

त्यांनी पिशवीतून प्रबंध काढला. सहीचं पान उघडून मांडीवर ठेवलं. पेनाचं टोपण काढलं.

“टिणक्याला हाक मार,” त्या म्हणाल्या.

“यंत्र कुठं आहे, बाई?”

“तोंडानं मार.”

यशोधननं जीभ हलवून बघितली. नुसती थुंकी उडाली. ज्या आवाजाची उंची, लांबी, जाडी त्यानं केसाच्या बारकाईनं मोजली होती, तो आवाज त्याला काढता येत नव्हता. कधी काढायची वेळच आली नव्हती.

“येत नाही?”

“नाही.”

“बरं… आज मी मारते.”

बाईंनी जीभ टाळूला लावली.

टिण, टिण, टिण.

हुबेहूब. टिणक्या समोरच्या डबक्यात बसलाय असं वाटावं. आणि तो आवाज त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हता.

मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही…

आणि राईतून उत्तर आलं.

टिण, टिण, टिण.

“आलं?” बाई त्याच्या तोंडाकडेच बघत होत्या.

“आलं, बाई.”

बाईंचा चेहरा असा खुलला की यशोधनला वाटलं, यापुढं हजार वेळा यांना इथं घेऊन यावं. त्यांनी पेन कागदावर टेकवलं. मग उचललं.

“अजून एकदा,” त्या म्हणाल्या. “एकदाच. मग करते सही.”

टिण, टिण, टिण.

या खेपेला उत्तर लवकर आलं. जवळून आलं. यशोधन ‘आलं’ म्हणायला तोंड उघडणार, तोच काहीतरी खटकलं.

आवाजाच्या आधी काहीतरी होतं.

उत्तर पुन्हा आलं, न बोलावता. आता तो कान देऊन ऐकत होता.

टक.

मग नाक ओढल्यासारखा श्वास.

मग टिण, टिण, टिण.

तो टक त्याच्या ओळखीचा होता. ते नाकही ओळखीचं होतं. ते त्याचंच होतं.

पहिल्या पावसाळ्यातली पहिली संध्याकाळ. तेवढी एकच संध्याकाळ तो स्वतः इथं बसला होता. सर्दीनं बेजार. डबक्याच्या काठावर एकुलता एक टिणक्या दिसला, त्यानं पेटीचं बटण दाबलं, टक. नाक ओढलं. आणि टिणक्या बोलला. तोच आवाज त्यानं पेटीत भरला आणि पुढं सगळे पावसाळे तोच वाजवला. प्रबंधासाठी प्राण्याचा एक नमुना जमा करावा लागतो, तसा नियम आहे. त्यानं रीतसर परवानगी काढून तोच टिणक्या पकडून दिला होता. केंद्राच्या संग्रहालयात तो अजून बरणीत होता, स्पिरिटमध्ये, पाय पसरून.

म्हणजे बरणीतला जीव राईतून बोलत होता. यशोधनचं नाक ओढून बोलत होता.

पेटी चालू राहिली असेल, त्याला वाटलं. पण पेटी कपाटात होती आणि किल्ली बाईंच्या कमरेला.

“काय झालं रे?”

“काही नाही, बाई… जरा आत बघून येतो.”

“जा. हाक मात्र मारू नकोस कुणाला.”

तो राईत शिरला. पायाखालची पानं ओली असल्यानं पाऊल वाजत नव्हतं, आणि ते वाजत नाही याचंच त्याला भय वाटत होतं. उजव्या हाताला आवाज आला. टक, श्वास, टिण, टिण, टिण. मग डाव्या हाताला. मग डोक्यावर.

त्यानं वर बघितलं.

फांदीवर एक काळा कुळकुळीत पक्षी बसला होता. शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकांना पिसांचे गोंडे. भृंगराज. हा पक्षी ऐकेल त्याची नक्कल करतो, हे प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असणाऱ्यालाही ठाऊक असतं. मांजराची करतो, गरुडाची करतो, गुराख्याच्या शिट्टीची करतो. रोज तिन्हीसांजेला त्याच्या घराच्या दारात एकच आवाज वाजत राहिला, तर तो कसा सोडेल?

पक्ष्यानं मान वाकडी करून यशोधनकडे बघितलं. गळा फुगवला.

टक.

त्यानं नाक ओढलं. यशोधनसारखं.

टिण, टिण, टिण.

शेजारच्या फांदीवर त्याचं पिल्लू होतं. शेपटीच्या तारा अजून फुटल्या नव्हत्या. तेही म्हणायला लागलं. टक बरोबर आलं. नाक ओढणं बरोबर आलं. टिण मात्र चुकलं, भलत्याच सुरात गेलं आणि मध्येच तुटलं. मोठ्या पक्ष्यानं पुन्हा म्हणून दाखवलं. पिल्लू पुन्हा तसंच म्हणालं. पेटीचं होतं तेवढं त्याला येत होतं, टिणक्याचं येत नव्हतं.

यशोधन तिथंच उकिडवा बसला.

आपण मोजलेली उत्तरं दर पावसाळ्यात वाढत का गेली, ते त्याला आता कळलं. बरणीतल्या त्या एका बेडकाची शाळा भरली होती राईत, आणि मास्तर तो स्वतः होता.

पण सगळीच उत्तरं पक्ष्यांची कशावरून? काही खऱ्या टिणक्यांची असतीलच की. या विचारानं त्याला जरा धीर आला. मग आठवलं. आवाजातला टक आणि श्वास म्हणजे गोंगाट, असं धरून त्यानं संगणकाकडून तो काढून टाकला होता. ध्वनिविश्लेषणात हेच तर शिकला होता, याच्यावरच पहिला आला होता. आणि संगणकानं तो गोंगाट नुसता पेटीच्या हाकेतून नाही, उत्तरांतूनही काढला होता. एकूण एक उत्तरात तो होता, एकूण एकातून काढला होता. स्वच्छ झालेली उत्तरं किती सुरेख दिसतात म्हणून तो खूश होता. उत्तरांत माझं बटण कुठून आलं, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

तो उठला आणि राईबाहेर सड्यावर आला. बाई बसल्या होत्या तिथं गेला नाही. डबक्यांकडे गेला. एकेका डबक्यापाशी वाकला, श्वास रोखून ऐकत राहिला. पाणी. वारा. पाण्यात काहीतरी बुडबुडलं आणि थांबलं. आतून, राईतून, त्याचं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. त्याच्या खाली, त्याच्या मागं, दगडाच्या फटीत, फुलांच्या बुडाशी, दुसरं काहीच नव्हतं. इतकं नव्हतं की कानाला दडे बसल्यासारखं झालं.

टिणक्या नव्हता.

आता काय करायचं?

बाईंना काही ऐकू येत नाही. हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि तो हलेना. आलं बाई, असं एकदा म्हटलं की झालं. बाई सही करतील. आई बॅगा भरायला घेईल. परीक्षक प्रबंध वाचतील, वा म्हणतील. त्यांतलं कोण येतंय इथं चिखलात बसायला? आणि बाईंचे राहिलेले दिवस बरे जातील, हेही आहेच की. खोटं बोलून कुणाचं वाईट होणार होतं? बेडकांचं तर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणि एका संध्याकाळी ऐकू नाही आले म्हणजे नाहीतच, असं शास्त्र कुठं म्हणतं?

असा सगळा हिशेब मनाशी जुळवून तो दगडापाशी आला.

बाई तशाच बसल्या होत्या. प्रबंध मांडीवर, पेन हातात. धुक्यानं पानाच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

“मग?” त्यांनी विचारलं. “बोलतायत ना?”

यशोधननं पायाचा चिखल गवताला पुसला.

“सांग ना रे.”

त्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. केंद्रात रोज सकाळी बघायला हवं होतं तसं, आज पहिल्यांदा. बाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या, लहान मूल खाऊच्या पुडीकडे बघतं तशा.

“नाही, बाई,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं बोल.”

त्या राईच्या तोंडाशी, त्या तिन्हीसांजेला, त्याला ते मोठ्यानं बोलावं लागलं.

“नाही,” तो म्हणाला. “टिणक्या नाहीत. आत भृंगराज आहेत. त्यांनी माझ्या पेटीचा आवाज उचललाय… बटणासकट. मी मोजली ती सगळी उत्तरं त्यांचीच होती. पहिल्या दिवशी होता तो एक, आणि तो आपल्या बरणीत आहे. प्रबंधात काही उरलं नाही, बाई. सही करू नका.”

बोलून झालं आणि त्याला रडूच फुटलं. त्यानं ते लपवलं नाही.

बाई किती तरी वेळ डबक्यांकडे बघत राहिल्या. राईत टक वाजलं, कुणीतरी नाक ओढलं. त्यांना ते कळलं नाही.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. पदरानं आधी प्रबंधावरचं पाणी टिपलं, मग डोळे पुसले. उठायला त्याचा हात धरला, आणि उठून उभ्या राहिल्यावरही सोडला नाही.

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “त्या पावसातही इथं ऐकायला काही नव्हतंच. आपल्या दोघांतलं कुणीच बहिरं नाही.”